दाढीखालची हनुवटी

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना माणसाचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो फक्त श्वासाचा रस्ता. तोंड किती उघडतं, मान मागे जाते का, हनुवटी पुढे आहे की आत गेलीय. एका लग्नात नवरदेवाकडे बघून माझ्या कानात म्हणाल्या, "सिस्टर, मान बघा केवढी आखूड! हा घशात श्वासाची नळी घालताना घाम काढेल." मी कपाळावर हात मारला. सर्जन वैतागायचे, "अहो, ऑपरेशन पोटाचं आहे, तोंड काय बघत बसता?" मॅडम ढिम्म. "पेशंट झोपला की जीभ मागे पडते, घसा मिटतो. मग रस्ता मला शोधायचा असतो, तुम्हाला नाही."

अशी बाई, आणि स्वतःच्या नवऱ्याचं तोंड बघितलं नाही! साहेबांचं पित्ताशय काढायचं होतं. भूल दुसऱ्या कुणीतरी द्यावी, असं सगळे सांगत होते. ऐकेल ती बाई कसली! "रोज समोर बसून जेवतात, त्यांचं काय तपासायचं?"

औषध गेलं, साहेब झोपले, श्वास थांबला. तो थांबवायचाच असतो, लगेच नळी घालायची म्हणून. मॅडमनी घसा बघायचा दिवा तोंडात घातला. साहेबांचं डोकं उंचावून पुन्हा पाहिलं.

"काही दिसत नाही. नुसती जीभ."

त्या भरगच्च दाढीखाली हनुवटी जवळजवळ नव्हतीच. दाढी लग्नाआधीपासूनची, बायकोला तरी कशी कळणार? मास्क लावला, तर केसांतून सगळी हवा बाहेर. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा टिंग टिंग आवाज खाली उतरू लागला.

"गळ्याला छेद देऊन वाट करू?" सर्जननी सुरीकडे हात केला.

"तयार राहा." मॅडमनी जेलीची अख्खी ट्यूब दाढीवर थापली, दोन्ही हातांनी जबडा वर ओढून मास्क दाबून धरला. "सिस्टर, फुगा!"

मी मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबला. छाती हलेना.

"आणखी ओढा ना वर!" मी चक्क खेकसले त्यांच्यावर.

छाती हलली. परत हलली. टिंग टिंग हळूहळू वर चढलं.

"आता नळी घालून बघता पुन्हा एकदा?" सर्जन म्हणाले.

"नाही. टोचून टोचून घसा सुजवला, तर हाही रस्ता जाईल. आज ऑपरेशन नाही, उठवायचं."

साहेब जागे झाले. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. मॅडम त्यांच्या दाढीवरची जेली पुसू लागल्या.

पुढच्या वेळी दाढी उतरवली. दुसऱ्या डॉक्टरांनी साहेब जागे असतानाच नाकातून दुर्बिणीने नळी घातली. मॅडम बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर. मी दार उघडताच ताडकन उठल्या.

"सगळं छान चाललंय, बसा," मी सवयीने म्हटलं.

"छान म्हणजे काय? मला नका असलं सांगू! ऑक्सिजनचा आकडा सांगा!"

"नव्व्याण्णव."

मी त्यांना बाकावर बसवलं, तर माझा हात घट्ट धरून हमसून हमसून रडायला लागल्या.