फौजदाराच्या फेऱ्या

जग बदललं ते एका मंगळवारी. वार पक्का आठवतो, कारण त्याच दिवशी पंपाचं खोकं माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं होतं.

ऐंशी साल उजाडायला आलं होतं. मी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि यंत्रातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. (कारखान्याचा नव्हता.) आमची वसईला केळीची आणि पानवेलींची वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर रहाट आणि रहाटाला फौजदार. फौजदार म्हणजे आमचा रेडा. पहाटे डोळ्यांना झापडं बांधली की तो गोल फिरू लागे, गाडगी भरभरून वर येत आणि पाटाने पाणी झाडांना जाई. शिंपणं संपलं की आबा, म्हणजे माझे वडील, त्याच्या पुढ्यात उभे राहत, कपाळावर हात ठेवत आणि म्हणत, "बस राजा, भरलं पानी." त्याशिवाय फौजदार थांबत नसे. मग तुम्ही कलेक्टर का असेनात!

पंप बसला आणि फौजदार बेकार झाला. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

"मानसाला कामावरनं काढतात तर हातात घड्याळ देतात," ते आईला सांगत, मी समोर बसलेलो असताना. "याला काय दिलं तुझ्या इंजिनेरानं?"

फौजदाराला मी आराम दिला होता. पण आराम कसा करतात ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो सुटायचा आणि मिळेल त्याभोवती फिरायचा. तुळशीभोवती, पेंढ्याच्या उडवीभोवती, एकदा तर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या काकूंभोवती! आबा येईपर्यंत त्या बिचाऱ्या हातात ओलं लुगडं धरून मधोमध उभ्या होत्या.

अशात माझ्यासाठी आगाशीचं स्थळ आलं. आईच्या मते हे शेवटचं. आधीची सगळी "मुलगा फार बोलतो" म्हणून परत गेली होती.

"हेही गेलं तर त्या पंपाशीच तुझं लगीन लावीन," आई म्हणाली. "तोंड बंद ठेव!"

रविवारी पाहुणे घर बघायला आले. मुलगी कुंदा, तिचे वडील आणि आत्या. (मुलगी सोबत आणायची तेव्हा रीत नव्हती. पण आत्याचं म्हणणं, राहायचं तिला आहे, तर बघू दे तिलाच.) अंगणाच्या मधोमध, गावभरातून मागून आणलेल्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आबा रुसून वाडीत. मी नवी बेलबॉटम पँट घालून, तोंड मिटून बसलो.

"पंप बसवलाय म्हणे?" कुंदाच्या वडिलांनी विचारलं.

झालं! उघडलेलं तोंड मिटेचना. पंपाची ताकद, पाण्याचा जोर, मजुरीची बचत... शेवटी "थांबा, दाखवतोच" म्हणत मी जाऊन बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाटात पाणी खळखळलं आणि ते गोठ्यात फौजदाराने ऐकलं. आपल्याशिवाय पाणी येतंय? दावं तोडून तो अंगणात आला. बघतो तर मध्ये गोल आणि भोवती मोकळी वाट. आयता रहाट! तो फिरायला लागला.

"अगोबाई, हे काय?" आत्या.

"आमचा रेडा."

"ते दिसतंय! चाललाय कुठे?"

"कुठेच नाही," मी खरं ते सांगितलं.

आई पोहे घेऊन बाहेर आली. एक पाऊल टाकते तोच रेडा समोरून जाई, दुसरं टाकते तोच पुन्हा हजर. आत्याने पाय खुर्चीवर घेतले. इतक्यात वीज गेली. पंप थांबला, फौजदार थांबला नाही. उलट सगळी जबाबदारी आता आपल्यावरच आली या समजुतीने त्याने वेग वाढवला!

मी धावत जाऊन दाव्याचं टोक पकडलं. आता त्याच्यामागून मीही फिरू लागलो. कपाळावर हात ठेवायचा तर त्याच्या पुढे जायला हवं, आणि मी कायमचा मागे! दर फेरीला पाहुण्यांसमोर आलो की तेवढा हसत होतो. मग बेलबॉटमचा एक पाय दुसऱ्यात अडकला आणि हसणंही थांबलं.

"अहो, या ना लवकर!" आई वाडीकडे तोंड करून ओरडली.

केळींमागून आवाज आला, "इंजिनेराला सांग. बटन दाबेल!"

"वाट मिळाली की निघू आपण," कुंदाचे वडील आत्याला म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणाच्या मातीत पडल्या पडल्या मी बेलबॉटमचा पाय सोडवत होतो.

तेवढ्यात कुंदा उठली. पदर खोचून सरळ रेड्याच्या पुढ्यात उभी राहिली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बस राजा, भरलं पानी."

फौजदार थांबला.

"आमच्याकडेही असंच म्हणायचे," ती म्हणाली. "आमचा गेल्या साली विकला. पंप बसवला ना." तिचे वडील जमिनीकडे बघू लागले.

केळींमागून आबा बाहेर आले. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलले. "हिला नाय म्हनालास तर वाडीत पाऊल ठेवू नको!"

कुंदाने मला का पत्करलं ते तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, ती फौजदाराकडे बघूनच आली. आबा त्याला रोज कोरड्या रहाटाच्या चार फेऱ्या मारू देत. ती त्याची पेन्शन. पुढे मी काळजीने किंवा रागाने घरात येरझारा घालू लागलो की कुंदा हातातलं काम टाकून यायची, माझ्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "बस राजा, भरलं पानी." मीही थांबायचो.

आता वाडी राहिली नाही. आबा, आई गेले, कुंदाही गेली. मुलगा बंगळुरात. मी वसईतच, स्टेशनच्या पूर्वेला, एव्हरशाईन नावाच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा एकटं बसायचं तर झाडावर चढावं लागे, आणि तिथेही कोणीतरी "आलाच आहेस वर, तर चार शहाळी काढ" म्हणून ओरडे. आता दार उघडं ठेवलं तरी कोणी येत नाही. शेजारी भले आहेत, पण त्यांची दारं बंद असतात. फार एकटं वाटतं. निवृत्त झालो तेव्हा मला घड्याळ मिळालं होतं. ते बघत कसं बसायचं हे मलाही कोणी शिकवलं नाही.

म्हणून पहाटे उठून मी इमारतीभोवती फेऱ्या मारतो. त्याच वेळी वॉचमन मोटर लावतो, वरच्या टाकीत पाणी चढत राहतं आणि मी फिरत राहतो. कधी थांबायचं ते माझं मला कळत नाही. मग टाकी भरते, वॉचमन मोटर बंद करतो आणि फाटकावरून ओरडतो, "अंकल, पानी भर गया!"

मी जागच्या जागी थांबतो. कपाळावर हात पडायची क्षणभर वाट बघतो, आणि मग मुकाट्याने लिफ्टने गोठ्यात जातो.