मला धरा!

सासुरवाडीला मला एकदा चिंचेखालच्या बाईने धरलं. चूक तिची नव्हती. मीच तसं सांगितलं होतं.

मी खारघरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याच दुपारी वर्गाला सांगितलं होतं, ‘काउंट मी इन’ म्हणजे कुणी बेत आखला की आपण म्हणायचं, ‘मलाही धरा!’ (पोरं जांभया देत होती. हे वाक्य अंगाशी येतं, हे त्यांना काय ठाऊक!)

संध्याकाळी बायकोच्या माहेरी, बेलपाड्याला पोचलो. सगळे उरणला हळदीला निघालेले. आगऱ्यांची हळद म्हणजे नुसता नाच! पण मला कुणी कधी न्यायचंच नाही. "तुमी मास्तर मानूस, आराम करा," म्हणत खुर्चीत बसवायचे आणि पसार! आज काहीही झालं तरी जायचंच, असा माझा हट्ट होता.

मागच्या अंगणात चिंचेखाली पाय धुवायला गेलो आणि लाइट गेली. वारा पडलेला, तरी वर काहीतरी सळसळत होतं. भुंकणारं कुत्रं एकाएकी गप्प झालं. माझ्या मागे काहीतरी खरवडायचं, थांबायचं, पुन्हा जरा जवळ खरवडायचं. "तिन्हीसांजेला चिंचेखाली नाय थांबायचं, ती बाई धरते," असं सासूबाई नेहमी बजावायच्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (घाम उकाड्याचा होता!)

तेवढ्यात पुढच्या दारातून सासरे ओरडले, "गाडीत कोन कोन हाय रं?"

"मला धरा! मला पण धरा!" मी जीव खाऊन ओरडलो.

आणि धरलं की हो! अंगठ्यालाच! गार, ओलं, कडक! मी पाय ओढला, तिने आवळला.

"सोडा! मला सोडा!"

"जावय सोडा बोलतान," घरातून सासूबाईंचा आवाज आला.

"नाही हो, तुम्ही धरा! ती सोडत नाहीये!"

"मास्तर, धरू का सोडू? येक काय ते बोला!" सासरे वैतागले.

मी ‘धरा’ म्हणणार, तोच तिने असा काही चिमटा काढला की तोंडातून निघालं, "सोडाऽऽऽ!"

"बरं, सोडला!"

गाडीचं दार आपटलं. बायको आधीच आत बसलेली, बाहेर हॉर्न वाजतोय, माझी बोंब ऐकतो कोण! गाडी गेली. मला खरंच रडू आलं. मग लाइट आली. अंगठ्याला लटकली होती सासूबाईंच्या टोपलीतून निसटलेली भलीमोठी चिंबोरी, खाडीतली खेकडी! उद्याचा रस्सा!

उरणला सगळे रात्रभर नाचले म्हणे. मीही नाचलो, एका पायावर. अख्ख्या सासुरवाडीत मला धरणारी ती एकटीच निघाली!