आधी अंदाज लिहा

"आगु," मॅडम म्हणायच्या, आणि फळ्याएवढ्या टच पॅनलकडे निघालेलं पोराचं बोट हवेतच थांबायचं.

आगु म्हणजे थांब. मॅडम देगलूरच्या. घरात मराठी, आजोळी तेलुगू. एरवी त्या आपल्यासारखंच बोलायच्या, पण कुणाला थांबवायचं झालं की तोंडात हाच शब्द यायचा. त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं: "आधी अंदाज लिहा. मग सरकवा." दहावीच्या पोरांना तो शब्द इतका बसला होता, की मैदानावर कबड्डीतसुद्धा "आगु, आगु" ऐकू यायचं.

मी उदगीरच्या त्या शाळेत कारकून आहे. एकवीस वर्षं झाली. हजेरी, निकाल, ऑनलाइन भरायची माहिती, असं माझं आकड्यांचं काम. प्रत्येक बेरीज दोनदा करतो, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. मुख्याध्यापक माझ्या कागदावर न वाचता सही करतात. याचा मला अभिमान होता.

माझ्या टेबलासमोर खिडकी, खिडकीसमोर व्हरांडा आणि व्हरांड्यापलीकडे दहावी ब. त्यामुळे मॅडमचे विज्ञानाचे तास मी सहा वर्षं बसल्या जागेवरून पाहिले.

पहिली चार वर्षं वर्गात पॅनल नव्हता. मॅडम स्वतःच्या मोबाइलवर प्रयोगांची एक वेबसाइट उघडायच्या आणि सहा-सहा पोरांचा घोळका करून दाखवायच्या. एका घोळक्याचं चालू असताना बाकीची पोरं वहीत अंदाज लिहीत असायची. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने, एक 'अंदाज' आणि दुसरा 'दिसलं'. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, हा नियम. एका मुलीने खोडरबर काढलेलं पाहून मॅडम म्हणाल्या, "राहू दे गं. तू काय समजून बसली होतीस ते मला कसं कळणार मग?"

मग संस्थेने पाच वर्गांत टच पॅनल बसवले. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. त्यातल्या एका फोटोत संस्थेचे सचिव पॅनलला बोट लावून उभे आहेत आणि पॅनल बंद आहे. हे फक्त माझ्या लक्षात आलं होतं, आणि मॅडमच्या. "काका, ह्यांचा अंदाज घेतला का कुणी?" असं त्यांनी माझ्या कानाशी म्हटलं आणि मला हसू दाबायला खोकावं लागलं.

भिंगाचा धडा माझ्या कायमचा लक्षात आहे. पॅनलवर मधोमध एक भिंग, डावीकडे जळती मेणबत्ती, उजवीकडे तिची उलटी प्रतिमा. मेणबत्ती बोटाने सरकवली की प्रतिमाही सरकते. मॅडमनी मेणबत्ती थोडी भिंगाकडे आणली. प्रतिमा थोडी लांब गेली. "आगु. अजून जवळ आणली तर कुठं जाईल? लिहा." वर्ग खाली वाकला. सात-आठ मिनिटं आवाज नाही, फक्त पंखा. मॅडम ओळींमधून फिरत होत्या, वह्यांत डोकावत होत्या, कुणालाही बरोबर-चूक सांगत नव्हत्या. पॅनल मधेच काळा झाला, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी एकेकाला खडू देऊन पॅनलवर नाही, पॅनलच्या खालच्या भिंतीवर खूण करायला लावली. सगळ्यांच्या खुणा पॅनलच्या रुंदीत. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली, पॅनल ओलांडून पुढे गेली आणि थेट खिडकीच्या चौकटीवर खूण केली. वर्ग हसला.

"तिथं पॅनल कुठं हाय गं?" एक जण म्हणाला.

"पॅनल संपला म्हणून उजेड थोडाच संपतोय," मुलगी म्हणाली.

मॅडमनी तिला मेणबत्ती सरकवायला सांगितली. प्रतिमा पळत पळत उजव्या कडेला गेली आणि पॅनलबाहेर निघून गेली.   मॅडम खिडकीपाशी गेल्या आणि त्या खुणेभोवती खडूने एक गोल काढला.

तुमच्यापैकी बहुतेक जण शाळेत गेलेले असणार. असा तास तुमच्या वाट्याला किती वेळा आला, ते आठवून बघा. माझ्या वाट्याला एकदाही आला नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर भिंग म्हणजे काय ते मला खिडकीतून कळलं.

शेजारच्या दहावी अ ला विज्ञान शिकवणारे सर वेगळे होते. वाईट नव्हते. पॅनलवर धड्याचा व्हिडिओ लावायचे आणि बाहेर येऊन चहा घ्यायचे. व्हिडिओ चांगला होता, रंगीत होता. पोरं शांत असायची. मॅडम आणि हे सर, दोघंही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकंच मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये नवा अर्ज.

त्या वर्षी संस्थेने ठरवलं, की दोघांपैकी एकाला पूर्णवेळ घ्यायचं आणि दुसऱ्याचे तास बंद करायचे. मॅडमची वयाची अट दोन वर्षांवर आली होती. आमच्याकडचे तास गेले तर दुसरीकडे कायम होण्याची आशा जवळजवळ नव्हतीच, हे त्यांनी एकदा जमेल तितकं हसत मला सांगितलं होतं.

निवड कशावर करायची, तर निकाल, हजेरी आणि पॅनलचा वापर. निकालात आणि हजेरीत दोघं सारखेच होते. उरला वापर.

वापराचा अहवाल दर महिन्याला पॅनलच्या कंपनीकडून यायचा. कोणत्या शिक्षकाने कोणत्या तासाला किती मिनिटं पॅनल वापरला, ते मी रजिस्टरला उतरवायचो. एकदा कंपनीच्या बेरजेत चार मिनिटांची चूक सापडली, तीही मी दुरुस्त केली होती. डिसेंबरमध्ये मॅडमचे शहाण्णव तास झाले. पॅनलने त्यांची मिनिटं धरली चारशे बारा. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासाला साडेचारही नाहीत. सरांचेही शहाण्णव तास, मिनिटं दोन हजार नऊशे शहात्तर. तासाला बरोबर एकतीस.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "काका, ही मिनिटं कशाची?"

मी पॅनलसोबत आलेली पुस्तिका काढून दाखवली. ती शाळेत फक्त मी वाचली होती. व्हिडिओ चालू असेल तर सगळा वेळ धरला जातो. बाकी काहीही असेल तर बोट लागल्यापासून तीस सेकंद. त्यानंतर काही हललं नाही तर वापर थांबला असं पॅनल समजतो.

"म्हणजे पोरं विचार करून राहिली की ह्याला वाटतं वर्गात कुणी न्हाई?"

"हाव."

त्या हसल्या. मग हसू गेलं. शिपाई मामा पाण्याचा जग ठेवायला आले होते. ते म्हणाले, "मॅडम, लई सोपं हाय. दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ लावून द्यायचा, कुलूप लावायचं. पॅनलला काय कळतंय? त्या सरांचं तसंच असतंय की."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काका, लावू का?"

एवढं विचारलं त्यांनी. मी म्हणालो, "मॅडम, रिकाम्या वर्गातली मिनिटं मला रजिस्टरला घ्यावी लागतील. ते खोटं होईल."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या रजिस्टरला खोटं नको."

जानेवारीतही त्यांनी काही लावलं नाही. तासही बदलला नाही. मी सांगितलं म्हणून लावलं नाही, की त्यांनाच लावायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पहिलं असेल तर दोष माझा. दुसरं असेल तरी तो कमी होत नाही. कारण सुट्टीत अ वर्गाचा व्हिडिओ कुलपाआड चालायचा, त्याचा आवाज मला ऐकू यायचा, आणि ती मिनिटं मी रजिस्टरला घेत होतो. कंपनीचा आकडा होता. बेरीज जुळत होती.

रजिस्टरला शेवटचा रकाना असतो, 'शेरा'. तिथे दोन ओळी लिहिल्या असत्या, पॅनल वेळ कसा मोजतो आणि त्या वर्गात प्रत्यक्ष काय चालतं, तर सचिवांनी निदान विचारलं असतं. पेन हातात होतं. पण शेरा मारणं कारकुनाचं काम नाही, तो मुख्याध्यापकांचा अधिकार, असं मी स्वतःला सांगितलं. रकाना कोरा ठेवून सहीला पाठवला. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

एप्रिलच्या बैठकीत मी कोपऱ्यात फाइल घेऊन बसलो होतो. सचिवांनी कागद पाहिला. "ह्या मॅडम पॅनलला हातच लावत नाहीत की. एवढा खर्च केला आपण."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "आकडे बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

एवढंच विचारलं होतं आणि एवढंच मी सांगितलं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडम अनुभवाचा दाखला न्यायला आल्या. मी दाखला स्वच्छ अक्षरात लिहिला, शिक्का सरळ मारला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. उठता उठता थांबल्या.

"काका, एक विचारू? तुम्ही सहा वर्षं ह्या खिडकीतून बघत होता. तो कागद यायच्या आधी तुमचा अंदाज काय होता? मी तासाला किती मिनिटं शिकवते?"

आवाजात राग नव्हता. वर्गात विचारायच्या तसंच विचारलं, आणि तसंच उत्तरासाठी थांबल्या.  मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"येते," त्या म्हणाल्या.

आता त्या लातूरला एका क्लासमध्ये आहेत, असं मामा सांगतात. शिकवायला नाही. पोरं मोबाइलवरून शंका पाठवतात, त्यांची उत्तरं टाइप करायची, एका शंकेला दोन मिनिटं. मामांना बसस्टँडवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "आगु म्हणायला सवडच न्हाई मामा तिथं."

दिवाळीच्या सुट्टीत वर्गांना रंग दिला. किती भिंती, किती डबे, तो हिशेब माझ्याकडेच होता. दहावी ब ची खिडकीची चौकटही रंगवून घेतली.

आता दोन्ही वर्ग सरांकडे आहेत. परवा ब वर भिंगाचा धडा होता. व्हिडिओत मेणबत्ती आपोआप सरकत होती, एक गोड आवाज सगळं समजावून सांगत होता आणि पोरं फळ्यावरचं उतरवावं तसं उतरवून घेत होती. सर व्हरांड्यात चहा पीत होते.

मी खिडकीत उभा होतो. त्या तासाला किती शिकवून झालं, याचा अंदाज मी एका कोऱ्या कागदावर लिहिला. खोडला नाही. काल महिन्याचा अहवाल आला, तेव्हा रजिस्टर उघडलं आणि त्या तासाची पॅनलने धरलेली मिनिटं उतरवली. पस्तीसपैकी पस्तीस. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.