अडकलेली गोटी आणि सोळंक्यांचा रॉड

“मॅडम बिल बनवायला आल्यात का?”

सोळंके हे बबनदादांना हळू आवाजात विचारत होते. पण बॉनेटखाली वाकून बोललेलं बाहेर चांगलं ऐकू येतं. मी व्हॅनमधून टूलबॉक्स उतरवत होते.

“न्हाई हो, इंजिनियर हाय ती,” बबनदादा म्हणाले. “बोलत न्हाई, एवढंच.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मी एका गॅरेजच्या रोडसाइड टीममध्ये आहे. बबनदादा आमचे सीनियर मेकॅनिक, महाळुंग्याचे. कॉल आला की आम्ही दोघं निघतो. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी आमचे फोन जास्त वाजतात. आठवडाभर कंपनीच्या मशीन उघडणारी माणसं गुरुवारी स्वतःची गाडी उघडतात.

सोळंके त्यांच्यापैकीच. मूळचे बीडचे, टूलरूममध्ये कामाला, आकुर्डीत फ्लॅट. दुसऱ्या दिवशी लातूरला त्यांच्या बहिणीचा साखरपुडा होता. आई, बायको, मुलं आणि नवऱ्यामुलाची अंगठी, सगळं याच गाडीतून पहाटे निघायचं होतं. लांबचा प्रवास आहे, प्लग बदलून घेऊ, म्हणून त्यांनी दुपारी बिल्डिंगखालीच काम काढलं.

स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग. त्यांच्या गाडीत तो एका अरुंद, खोल भोकाच्या तळाशी बसतो. हात पोचत नाही. म्हणून प्लगवर गोटी घालतात, म्हणजे सॉकेट, आणि ती लांब रॉडने फिरवतात. सोळंक्यांनी पहिला नवा प्लग घट्ट केला, रॉड वर ओढला. नुसता रॉडच वर आला. गोटी खालीच राहिली.

“मॅग्नेट लावून बघितला, हलत नाही राव,” ते म्हणाले.

बबनदादांनी आमचा रॉड घातला. तो चार सूत, म्हणजे अर्ध्या इंचाचा. गोटीचं चौकोनी भोक तीन सूत. बसणार कसा? मग त्यांनी लांब चिमटा घातला, ओढला, तिरका करून पुन्हा ओढला. प्रत्येक ओढीला मला आतल्या प्लगची काळजी वाटत होती. प्लगचा वरचा भाग पांढऱ्या चिनी मातीसारखा असतो. तिरकं बळ लागलं की तडकतो.

“ह्ये न्हाई निघायचं,” बबनदादा घाम पुसत म्हणाले. “टो करून न्यावं लागंल. वेळ पडली तर इंजिनाचं हेड उतरवू.”

“किती वेळ लागेल?”

“उद्याचं इसरा.”

सोळंके वर आपल्या गॅलरीकडे बघून म्हणाले, “आईला काय सांगू आता?”

मी माझा कॅमेरा काढला. बोटापेक्षा बारीक वायरच्या टोकाला लेन्स असते, चित्र मोबाइलवर दिसतं. भोकात सोडला. गोटी सरळ उभी होती. चारही बाजूंना सारखी फट. म्हणजे ती भिंतीत अडकलेलीच नव्हती. तिला आतून काहीतरी धरून होतं.

मी सोळंक्यांचा रॉड हातात घेतला. त्यांनी तो स्वतः लेथवर बनवला होता. फिनिश इतकं सुंदर की आमच्या गॅरेजमध्ये असा एकही नाही. फक्त टोकाला छर्रा नव्हता. विकतच्या रॉडला तिथे एक बारीक स्टीलचा छर्रा असतो, स्प्रिंगवर. तो गोटीला धरून ठेवतो. इथे गोटीला वर आणणारं काहीच नव्हतं.

पण मग जुने चार प्लग याच रॉडने कसे निघाले?

“जुने प्लग काढताना गोटी कशी वर आली?” मी विचारलं. कोणी ऐकलं नाही. ते दोघं टो व्हॅनबद्दल बोलत होते. मी बबनदादांच्या बाजूला जाऊन पुन्हा विचारलं.

“अगं, मोठ्यानं बोल की. गाडी त्यांची हाय, माझी न्हाई.”

तिसऱ्यांदा विचारलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला.

“मॅग्नेटने,” सोळंके म्हणाले. “पटकन येत होती.”

“आत प्लगसकट?”

“हो. प्लग सैल केलेला ना.”

तेव्हा मला सगळं स्पष्ट दिसलं. गोटीच्या आत एक रबरी रिंग असते. तिचं कामच प्लगला पकडून ठेवणं. आता प्लग इंजिनात घट्ट आणि रबर प्लगला घट्ट. आम्ही गोटी ओढत नव्हतो, अख्खं इंजिन ओढत होतो.

“गोटी काढायची नाही,” मी म्हणाले. “प्लग काढायचा.”

“आत्ताच बसवलाय तो!” सोळंके म्हणाले.

“म्हणूनच.”

बबनदादांनी चिमटा खाली ठेवला आणि बाजूला सरकले.

मी सोळंक्यांचाच रॉड गोटीत बसवला आणि उलटा फिरवला. ओढायला नालायक असला तरी फिरवायला तो उत्तम होता. आटे सुटले, रॉड हलका फिरू लागला. मग मॅग्नेट आत सोडला, टक्‌ आवाज झाला, आणि गोटी वर आली. पोटात प्लग, धडधाकट.

“आयला,” बबनदादा म्हणाले.

पुढचं सोपं होतं. रबरी रिंग मी काढून टाकली. पेट्रोल पाइपचा तुकडा प्लगच्या डोक्यावर खोचून प्रत्येक प्लग खाली सोडला, वरून पाइप बोटांनी फिरवत आटे धरवले. मग पाइप ओढून घेतला आणि प्लग गोटीने घट्ट केला. गोटी दर वेळी मॅग्नेटला मुकाट्याने चिकटून आली. प्लगवर बसणाऱ्या कॉइल परत लावल्या, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी ते हवं त्यापेक्षा जरा जास्त वेळ चालू ठेवलं, खरं सांगायचं तर.

एखादी गोष्ट ओढून निघत नसेल, तर जोर वाढवण्याआधी तिला कोणी धरलंय ते बघावं. कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. सोळंक्यांना मी एवढंच सांगितलं, की रॉडला छर्रा बसवून घ्या.

इंजिनचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांची बायको आली. “अहो, गोटी निघाली का? का दुसरी गाडी सांगू?”

“निघाली, निघाली!”

“कोणी काढली?”

सोळंक्यांनी बबनदादांकडे बघितलं. बबनदादा हात पुसत राहिले, चांगलेच सावकाश.

मी वर बघितलं.

“मी काढली, ताई. बॅगा आणा खाली.”