गच्चीवरचा स्टँड

तमाम रहिवासी, भाडेकरू आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या समस्त भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या इमारतीची गच्ची यापुढे गच्ची राहिलेली नसून तिचे फुटबॉलच्या स्टँडमध्ये रूपांतर झाले आहे. या स्टँडच्या बरोबर खाली, चौथ्या मजल्यावर, माझ्या सासूबाई झोपतात, याची प्रेक्षकांनी नोंद घ्यावी.

ही नोटीस फलकावर कधी लागली नाही. ती मी स्वतः रचली होती आणि जिन्यात भेटेल त्याला, आवाज खर्जात नेऊन, ऐकवत होते. ऐकणारे हसायचे, मीही हसायचे. घरात शिरलं की मात्र चप्पल काढायच्या आधी वर बघायचे.

आमची इमारत अंधेरीत, स्टेडियमच्या मागच्या गल्लीत आहे. वय विचारू नये इतकी जुनी. हॉलचा स्लॅब केव्हाच वाकला होता, म्हणून सोसायटीने त्याखाली दोन लोखंडी टेकू उभे केले होते. एकावर आम्ही छत्र्या अडकवायचो, दुसऱ्याला गणपतीत झिरमिळ्या लावायचो. पाहुणे आले की टेकूला वळसा घालून सोफ्यावर बसायचे आणि चहा जरा घाईने प्यायचे. त्यातच सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि भाड्याने आणलेली दवाखान्याची भली मोठी कॉट आतल्या खोलीत बसवावी लागली. हॉलमध्ये टेकूंनी जागा सोडलीच नव्हती. डॉक्टरांनी त्यांना हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं. आतल्या खोलीच्या छताला तेव्हा फक्त एक भेग होती, केसाएवढी. आम्ही तिच्याकडे लक्ष देत नव्हतो. म्हणजे तसं ठरवलं होतं.

आता तिकिटांकडे येते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

माझी मुलगी कॉलेजात शिकते आणि उरलेला वेळ आमच्या टीमसाठी घसा फोडते. गोलपोस्टच्या मागे विद्यार्थ्यांचा एक स्वस्त स्टँड होता. कॉलेजचं ओळखपत्र दाखवायचं, वडापावच्या दोन-तीन दिवसांच्या पैशांत आत शिरायचं आणि नव्वद मिनिटं उभ्याने गायचं. या वर्षी तो स्टँड गेला. तिथे गादीच्या खुर्च्या आल्या आणि एका तिकिटात तिचा कँटीनचा अख्खा महिना निघाला असता, असा भाव झाला. तिने अगोदर आमच्याकडे बघितलं, मग आजीच्या औषधांच्या पिशवीकडे, आणि विषय काढलाच नाही. मुलगी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मॅचच्या संध्याकाळी ती गच्चीवर गेली आणि उशिरा खाली आली. पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यातून, म्हणजे बरोबर आजीच्या खोलीवरून, दोन तृतीयांश मैदान दिसतं, असं तिने जाहीर केलं. पलीकडचा गोल तेवढा छपराआड जातो. पुढच्या मॅचला तिचे तीन मित्र आले. त्याच्या पुढच्या मॅचला मुलुंड, बोरिवली, मानखुर्द, सगळी उपनगरं आमच्या जिन्याने वर चढली.

गच्चीची किल्ली माझ्या सासऱ्यांकडे असते. ते हाडाचे फुटबॉलवाले. त्यांचे वडील गिरणीत होते, आणि गिरण्यांच्या टीमच्या मॅच सासऱ्यांनी लालबाग-परळच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून पाहिलेल्या. तिकीट काढून फुटबॉल बघणं हे त्यांना विकतचं ऊन घेण्यासारखं वाटतं. त्यांनी पोरांना कुलूप तर उघडून दिलंच, वर स्वतःची प्लास्टिकची खुर्ची नेऊन त्यांच्यात बसले.

सोसायटीत अर्थातच बोंब झाली. खास सभा भरली, पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मध्ये. सेक्रेटरी हुशार माणूस. त्यांनी तक्रारी शांतपणे ऐकल्या आणि तोडगा काढला. पोरांना येऊ द्यायचं, डोक्यामागे थोडी वर्गणी घ्यायची, पावती द्यायची, आणि जमलेली रक्कम स्लॅबच्या दुरुस्ती निधीत टाकायची. सगळ्यांनी झकास म्हटलं. ज्या स्लॅबची दुरुस्ती करायची, त्याच स्लॅबवर पोरं नाचवून दुरुस्तीचे पैसे उभे करायचे, हा ठराव आमच्या सुशिक्षित सोसायटीने एकमताने मंजूर केला. अनुमोदक म्हणून माझ्या नवऱ्याची सही आहे.

वर्गणीवाल्या पहिल्या मॅचला आमच्या टीमने गोल केला. मी आतल्या खोलीत सासूबाईंना पेज भरवत होते. स्टेडियममधून आधी एक गर्जना आली, पाठोपाठ डोक्यावर धप्प झालं, आणि मग ती सगळी पोरं एका तालात उड्या मारायला लागली. पंखा गोल फिरायचा सोडून डुलायला लागला. पेजेवर पांढरी भुकटी पडली. मी ती चमच्याने बाजूला काढली, कारण काय करावं ते सुचेना.

सासूबाईंनी वर बघितलं. “वर कोण भात कांडतत?” त्यांनी विचारलं.

त्या रात्री मुलीने भेग पाहिली. आता तिच्यात बोट गेलं असतं. मुलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्या ग्रुपला मेसेज टाकले, गच्चीच्या दारावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला, आणि पोरांनीही मनापासून शपथा घेतल्या की गायचं, टाळ्या वाजवायच्या, पण उडायचं नाही. गुणी पोरं होती. जिन्यात भेटली की आजींची तब्येत विचारायची.

पुढच्या मॅचला गोल झाला आणि ती सगळी गुणी पोरं उडाली. या वेळी छताचा एक पोपडा सुटला, पोळीएवढा, आणि उशीच्या बाजूला, जिथे मी नेहमी बसते त्या स्टुलावर फुटला. मी त्या वेळी दूध तापवायला उठले होते. मुलगी धावत खाली आली, स्टूल पाहिलं आणि दारातच थांबली.

“मी नाही उडले गं आई,” ती म्हणाली. “पायच उडले.”

मी तिला रागावले नाही. मला तिचं म्हणणं पटलं होतं, आणि भीती त्याचीच वाटत होती.

इंजिनिअर आला. सेक्रेटरी त्याच्यामागे हातात फाइल घेऊन. त्याने छताला छोट्या हातोडीने टकटक केलं, कान लावून ऐकलं. काही ठिकाणी आवाज भरीव होता. कॉटच्या वर तो रिकाम्या डब्यासारखा आला. त्याने हातोडी खिशात ठेवली आणि इथे रोज कोण झोपतं एवढंच विचारलं. उत्तर ऐकून तो चहासुद्धा न घेता गेला. दुरुस्तीला माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती, टेकूही तेव्हाच. मॅच शनिवारी होती.

मी सेक्रेटरींना गच्ची बंद ठेवायला सांगितलं. ते कळवळून म्हणाले, “पावत्या फाडल्यात ना, वहिनी.” आमच्याकडे फाडलेली पावती ही दगडावरची रेघ. मग मी सासऱ्यांकडे वळले, कारण किल्ली त्यांची. ते खूप वेळ खिडकीबाहेर स्टेडियमच्या दिव्यांकडे बघत राहिले. ही शेवटची मॅच, जिंकली तरच टीम पुढे जाणार, आणि या पोरांना दुसरी भिंत नाही, असं काहीसं ते पुटपुटले. शेवटी त्यांनी निर्णय दिला, कुलूप उघडं राहील, पण पोरं जिन्याच्या बाजूला सतरंजीवर बसतील, टाकीच्या कोपऱ्यात एकही नाही. आम्ही दोघंही जाणत होतो की मैदान फक्त टाकीच्या कोपऱ्यातून दिसतं.

शनिवारी सासरे पहिल्यांदाच वर गेले नाहीत. त्यांनी पलंगाखालून कॅरम बोर्ड काढला, कॉटच्या दोन्ही कठड्यांवर आडवा ठेवला आणि सासूबाईंचं डोकं आणि छाती त्याखाली झाकली. बाहेर फक्त पाय आणि आवाज उरला.

“माका मेल्यार झाका,” आवाज म्हणाला. “आता कित्याक?”

सासऱ्यांनी बोर्ड हाताने धरून ठेवला. मी त्यांना म्हटलं, निदान मोबाइलवर लावू का, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांना कळत होतं. मैदानातली प्रत्येक आरोळी ते ओळखायचे, कॉर्नर मिळाला, शॉट बारवरून गेला, गोलकीपरने अडवला. पहिला हाफ कोरा गेला तेव्हा त्यांनी समाधानाने उसासा टाकला. ज्या माणसाने जन्मभर या खेळावर जीव टाकला, तो आपल्याच टीमच्या गोलला घाबरून बसला होता. मला हसू येत होतं. हसताना मीही वरच बघत होते.

दुसऱ्या हाफमध्ये डोक्यावर पावलं सरकू लागली. आधी एक, मग आणखी दोन. सतरंजी ओढल्याचा आवाज झाला. जिन्याच्या बाजूकडून, हळूहळू, कोणी कोणाला न सांगता, सगळी पावलं आमच्या खोलीवर आली आणि थांबली. छतातून बारीक भुकटी सुरू झाली. ती कॅरम बोर्डावर पडत होती, पावडर टाकल्यासारखी. मी खिडकीतून मुलीला हाक मारली. गाण्यात ती कुठे पोचणार.

आणि मग ती आरोळी आली. पलीकडच्या, न दिसणाऱ्या गोलकडून. मलासुद्धा कळली. अशी आरोळी एकाच गोष्टीची असते. वरचं गाणं मात्र तुटलं. पोरांना काही दिसलं नव्हतं, आणि मोबाइलवर चित्र नेहमी थोडं मागून येतं, म्हणून ती सगळी श्वास रोखून एकेका स्क्रीनवर वाकली असावीत. वर एवढी शांतता मी त्या मोसमात ऐकली नव्हती. भुकटीसुद्धा पडायची थांबली.

सासऱ्यांनी बोर्डावरचा हात काढला, खिडकीपाशी गेले, अर्धं अंग गजांना टेकवलं, आणि ज्या गोलची त्यांनी सबंध मोसम वाट पाहिली होती त्याच्यावर, गच्चीच्या दिशेने तोंड करून, असेल नसेल त्या आवाजाने ओरडले,

“ऑफसाईड आहे रे, ऑफसाईड! गोल नाही, बसा खाली!”