जादूच्या शाळेचा नकाशा

थोरली जुई ओसरीवर खडूने नकाशा काढत होती. तिच्या गोष्टीतल्या देशात जादूची शाळा कुठे असावी, हे काही केल्या तिचं ठरत नव्हतं. मी पाहत उभी होते आणि आत नवरा माझ्या उत्तराची वाट पाहत होता. धाकट्या रेवाला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांची निवासी शाळा दूर शहरात आहे. तिला तिथे ठेवायचं की नाही, हे आजच कळवायचं होतं.

"आई, प्रत्येक गावात शाळा दाखवू?" जुईने विचारलं.

"जादू येणारं मूल दहा गावांत एखादंच असणार. एकट्यासाठी शाळा कोण काढेल?"

"म्हणजे एकच शाळा, सगळ्यांनाच लांब." तिने डोंगरापलीकडे चौकोन काढला आणि गावागावांतून त्याच्याकडे रेषा ओढल्या. "पण मुलं घर सोडून जातात कशाला?"

अशा गोष्टींत मूल निघालं तेवढं सांगतात. मागे राहिलेल्या आईचं कुणी सांगत नाही.

"गावात त्यांच्यासारखं दुसरं कुणी नसतं म्हणून," मी म्हणाले. आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "कळवून टाका, रेवा येतेय म्हणून."

सोमवारी त्या शाळेच्या अंगणात मुलं हातांनी बोलत होती. रेवाने माझं बोट घट्ट धरलं होतं. एका मुलीने समोर येऊन हातांनी काही विचारलं. रेवाला कळलं नाही. मुलीने पुन्हा, सावकाश विचारलं. रेवालाही काहीतरी सांगायचं होतं, आणि त्यासाठी तिला दोन्ही हात हवे होते. तिने माझं बोट सोडलं.