चढावर घसरणारा गिअर

ताईच्या गॅरेजवर पाटी आहे, पण तिच्यावर नाव नाही. ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम होईल’ एवढंच ताईने स्वतःच्या हाताने रंगवलंय, आणि जागेचा अंदाज चुकल्यामुळे ‘होईल’ पार कोपऱ्यात अंग चोरून बसलंय. कुणी हसलं तर ती म्हणते, “वाचता आलं ना? मग झालं.”

आजूबाजूच्या मेकॅनिकांना ऑटोमॅटिक गाडीचं वावडं आहे. तसली गाडी दारात आली की ते हात झटकून तिला ताईकडे पाठवतात, आणि पाठ वळली की एक बाई गिअरबॉक्स खोलते म्हणून नाकही मुरडतात. ताईला दोन्हीची सवय झाली आहे. चाळिशीला आलेली, केस मागे करकचून बांधलेले, बोलणं मोजकं. गिऱ्हाईक आल्या आल्या अमुक बदला, तमुक बदला म्हणायला लागलं की ती त्याला मध्येच तोडते. “लक्षणं तुम्ही सांगा. रोग काय ते मी बघते.” गिऱ्हाईक गप्प होतं, कारण रोग तिला सापडतोच. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी सापडत होता.

त्या आठवड्यात तिच्याकडे मामाची व्हॅन आली.

ताईची आई गेली तेव्हा ताई शाळेतसुद्धा जात नव्हती. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, तिला कडेवर घेऊन स्वतःच्या घरी आला. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती त्या घरातली पहिली आणि शेवटची लाडावलेली पोर ठरली. मामा ट्रक चालवायचा. पुढे पोरीला पुस्तकांपेक्षा पान्यांची ओढ जास्त आहे हे दिसल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण मामाने नाही लावला. तिने गॅरेज उघडलं त्या दिवशी त्याने धडधाकट चालणारी गाडी आणून तिच्या दारात उभी केली आणि आवाज येतोय अशी थाप मारली, नुसतं रस्त्यावरून जाणाऱ्यांना गिऱ्हाईक दिसावं म्हणून. असा हा मामा.

अवजड क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला तेव्हा ट्रक सुटला. मग ताईनेच त्याला एक जुनी ऑटोमॅटिक व्हॅन शोधून दिली आणि तो शाळेच्या मुलांची ने-आण करू लागला. क्लचच नाही म्हटल्यावर स्वारी जाम खूश. दिवसभर घरात बसायला लागलं असतं तर त्याने मामीचं डोकं खाल्लं असतं, हे मामीनेच ताईला सांगितलं होतं.

“चढावर गिअर घसरतो,” मामा म्हणाला. “इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी पुढे सरकत नाही. कधी होतं, कधी नाही. मुलं मागून ‘जोर लगाओ’ म्हणून ओरडतात.”

शाळा टेकडीवर आहे. मुलं दोनदा उशिरा पोचली होती आणि शाळेच्या बाईंनी मामाला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. “तेवढं कर पोरी,” मामा म्हणाला. “माझी फेरी जाता कामा नये.”

ताई कामाला लागली. आधी गाडी फिरवून गरम केली, सपाट जागेवर लावली आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या ऑइलची दांडी काढली. इंजिन बंद करून पातळी बघणारे बरेच आहेत. त्यांना ऑइल कमी असताना भरलेलं दिसतं आणि ते बिनधास्त गाडी चालवत राहतात. इथे ऑइल बरोबर खुणेपर्यंत होतं. पांढऱ्या फडक्यावर थेंब घेतला तर लालचुटूक. वास घेतला. आतल्या प्लेटा घासल्या की ऑइलला करपल्याचा वास येतो, तोही नव्हता. ब्रेक दाबून धरून इंजिनाला रेटून पाहिलं, तरी गिअरने पकड सोडली नाही. गाडी टेकडीवर नेली. शेळीसारखी तुरुतुरु चढली.

दुसऱ्या दिवशी तिने मागच्या सीटवर जुन्या बॅटऱ्या रचल्या, मुलांचं वजन भरावं म्हणून, आणि पुन्हा चढ चढून आली. काही नाही. मग मामाला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज वाढला, फेऱ्यांचा काटा वर गेला आणि गाडी मात्र कंटाळल्यासारखी रेंगाळली.

“बघ,” मामा म्हणाला. त्याला जरा बरंच वाटलं, आपण खोटं बोलत नव्हतो म्हणून.

ताईचं सारं लक्ष काट्याकडे आणि आवाजाकडे होतं. गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याला जगातले सगळे रोग गिअरबॉक्समध्येच दिसतात, आणि ताई त्याला अपवाद नव्हती. आतली एखादी प्लेट झिजली असणार, गरम झाली की सुटत असणार, असं तिने ठरवून टाकलं. शनिवारी मुलांना दुपारपर्यंतच शाळा. शनिवारी गिअरबॉक्स उतरवायचा. तरी कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटत राहिलं. तिच्या हातात जी गाडी गुणी असते ती मामाच्या हातात गेल्यावर का बिघडते, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

शनिवारी सकाळी मुलांना सोडायला मामा निघाला तेव्हा ताई स्कूटर घेऊन त्याच्या मागे निघाली. चढावर गाडीखालून ऑइल गळतं का, धूर येतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. ऑइल गळलं नाही, धूरही आला नाही. चढाच्या मध्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि त्याच क्षणी व्हॅनचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. लागले आणि लागलेलेच राहिले. मामा ब्रेक दाबून गाडी चढवत होता.

ताईने स्कूटर कडेला घेतली. चार दिवसांपूर्वी मामी हसत हसत म्हणाली होती, “याच्या पायातली चप्पल वाटेत पडते आणि हा तसाच घरी येतो. पत्ताच नसतो त्याला.” त्यावर ताईसुद्धा हसली होती. मामाला शुगर होती. गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे सगळं ठीक आहे असं तिघांनीही धरून चाललं होतं.

गॅरेजमध्ये परत येईपर्यंत तिच्या मनात एक खोटं तयार झालं. गिअरबॉक्स संपला, याचे पार्ट आता मिळत नाहीत, असं सांगायचं. मामाने डोळे झाकून विश्वास ठेवला असता आणि त्याचा मानही राहिला असता. पण मामाला ती चांगली ओळखून होती. आठवड्याभरात कुठून तरी दुसरी व्हॅन पैदा करून तो पुन्हा त्याच मुलांना घेऊन त्याच चढावर गेला असता. खोटं बोलून भागणार नव्हतं.

मुलांना सोडून मामा आला. गिअरबॉक्स उतरवायची तयारी दिसेना तेव्हा त्याने विचारलं, “काय गं, आज मुहूर्त नाही वाटतं?”

“बस जरा. डावा बूट काढ. मोजाही.”

“गुडघ्याचं म्हणतेस? गुडघा ठीक आहे आता.”

“काढ तर.”

मामा खुर्चीत बसला, पाय पुढे केला. ताई त्याच्यासमोर खाली बसली.

“आता डोळे मिट. मी पायाला हात लावला की सांग.”

“हे काय नवीन?”

“मिट म्हणते ना.”

मामाने डोळे मिटले. फोटो काढायला बसल्यासारखी हनुवटी वर केली आणि वाट पाहत राहिला. बाहेरून एक टेम्पो गेला. वरचा पंखा कुरकुरत होता.

“लाव की,” मामा म्हणाला.

ताईने त्याच्या पायाची पाचही बोटं मुठीत घट्ट धरलेली होती.

मामाने एक डोळा उघडला, खाली पाहिलं आणि मग दुसरा उघडला. “आत्ता धरलीस?”

“मघापासून.”

त्याने वाकून पाय स्वतःच्या हातात घेतला. दाबला, चिमटा काढून पाहिला. दुसऱ्याची वस्तू तपासावी तसा तो बराच वेळ तपासत होता.

“गाडीत काही बिघाड नाही, मामा,” ताई म्हणाली. “चढ आला की तुझा हा पाय ब्रेकवर जातो. तुला कळत नाही.”

“चढावर गिअर बदलायला क्लच दाबायचो,” मामा सावकाश म्हणाला. “जात असेल जुन्या जागेवर.”

“मला दिसायला हवं होतं. मी शेजारी बसले होते.”

“तू कशाला माझे पाय बघशील? तुला गाडी चालवायला मीच शिकवलं.”

“डॉक्टरांकडे जाऊ. सोमवारीच जाऊ. पण तोवर… मागे मुलं असतात, मामा.”

“मुलं असतात ते मला माहीत आहे.” एवढं वाक्य तो चढ्या आवाजात बोलला. मग मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. नाडी घट्ट बसली की नाही हे त्याने आज हाताने चाचपून पाहिलं.

शाळा सुटायची वेळ होत आली होती. मामा उठून सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबला. मग पुढून वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. किल्ली त्याने डॅशबोर्डवर ठेवली होती. ताईने ती घेतली आणि गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटत होतं की चढावर गाडीने दगा द्यावा, गिअर खरोखरच घसरावा. गाडी एका दमात वर गेली.

“छान ओढते,” मामा म्हणाला.

शाळेचं फाटक दिसू लागलं तसा तो सांगायला लागला. चष्मेवाल्याला गाडी लागते, त्याला खिडकी द्यायची. जुळ्या भावांना शेजारी शेजारी बसू द्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या घरापाशी हॉर्न वाजवायचा नाही, आत आजारी माणूस आहे. एका दिवसासाठी एवढं सांगायची गरज नव्हती. ताईच्या ते लक्षात आलं, पण ती नुसती हं, हं म्हणत सगळं नीट ऐकत राहिली.

घंटा झाली. मुलं फाटकातून सुटली आणि व्हॅनकडे धावत आली.

“आणि ती सगळ्यात लहान आहे ना,” मामा म्हणाला, “तिला कायम माझ्या मागच्या सीटवर बसवायचं. म्हणजे, ड्रायव्हरच्या मागच्या.”